ठसा आणि साक्ष

छायाचित्र म्हणजे वास्तवाची साक्ष, असे मानण्याची सवय आधुनिक मनाला जडली आहे. या साक्षीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचा विचार करण्यासाठी प्रथम फिल्मवर काय घडते ते पाहिले पाहिजे.

फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडताच स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. डोळ्यांना न दिसणारा हा ठसा म्हणजे सुप्त प्रतिमा. डेव्हलपरमध्ये असे स्फटिक काळ्या चांदीत परिवर्तित होतात. प्रकाशाचा स्पर्श न झालेले स्फटिक हायपोमध्ये विरघळून जातात. ते गेले नाहीत, तर पुढच्या उजेडात सारीच प्रतिमा काळवंडेल. फिल्मची स्मृती अशी विस्मरणावर उभी असते.

फिल्मच्या आधीच्या काचेच्या प्लेटांचे मूळ तत्त्वही हेच होते. त्यांची मर्यादा अजिंठ्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. त्यांनी रंगविलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यांनी टिपलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र १८६४ मध्येच जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती, ती टिकली. गिल १८७९ मध्ये निवर्तले; त्यांची कबर जळगाव जिल्ह्यात, भुसावळला आहे.

तथापि, त्या काळच्या कलोडियन प्लेटा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. अजिंठ्याच्या भिंतींवरील गेरू आणि पिवळी माती त्यांच्या लेखी जवळजवळ अंधारच. आगीने जे रंग नेले, ते टिपण्याची शक्ती उरलेल्या माध्यमात नव्हती.

यावर असे म्हणता येईल की, प्लेट निदान पक्षपात तरी करीत नाही. हे खरे आहे. पण पक्षपात न करणे आणि सत्य सांगणे या भिन्न गोष्टी आहेत. चित्रकाराचा हात चुकला, तर त्या चुकीला उत्तरदायी माणूस असतो. प्लेटेला लाल रंग दिसत नाही, आणि आपल्याला तो दिसत नाही हे तिला सांगताही येत नाही. म्हणून तिच्या मौनाचा अर्थ लावण्याचे दायित्व पाहणाऱ्यावर येते. काळ्या डागाला ‘येथे काही नव्हते’ असे वाचणारा अभ्यासक स्वतःच खोटी साक्ष देत असतो.

ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यात गिल आणि पारू यांची कथा रचली. ती कल्पना आहे हे काव्य लपवीत नाही. म्हणूनच नैतिकदृष्ट्या ते निर्धोक ठरते. धोका असतो तो स्वतःची मर्यादा न सांगणाऱ्या पुराव्यात. ठसा प्रकाशाचा असतो. साक्ष मात्र माणसालाच द्यावी लागते.