चाळिशीनंतरचा प्रश्न



मुले मोठी होतात, सासूसासऱ्यांचे आजारपण सुरू होते, नवऱ्याशी बोलणे बाजारहाट आणि लाइटबिलापुरते उरते. कुठे घरात दारू, कुठे जमिनीवरून भावंडांत अबोला, कुठे मोडलेले लग्न. अशा वेळी एखादी भगिनी स्वतःलाच विचारते, "एवढे सगळे केले, ते कशासाठी? आणि आता माझे काय?"

आपण चटकन सांगतो, "प्रार्थना कर, सगळे ठीक होईल." किंवा तिच्या पाठीमागे म्हणतो, "घरात सगळे आहे, हिला काय कमी आहे?" दोन्ही उत्तरे तिचा प्रश्न टाळतात. जगण्याला अर्थ कशाने येतो, हा तत्त्वज्ञानातील फार जुना प्रश्न आहे. तिच्या तोंडी तो अधिक अवघड होतो. नात्यांचा गुंता सुटेपर्यंत अर्थाने थांबायचे का?

नॉर्वेच्या लेखिका सिग्रिड उंडसेट यांचे जीवन येथे आठवते. त्यांचा जन्म १८८२ सालचा. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील वारले. सोळाव्या वर्षापासून त्यांनी कचेरीत नोकरी केली. १९०९ साली रोममध्ये एका चित्रकारावर त्यांचे प्रेम जडले. तो विवाहित होता, तीन मुलांचा बाप होता. त्याच्या घटस्फोटानंतर १९१२ साली दोघांनी लग्न केले. सिग्रिडबाईंना तीन मुले झाली. त्यांतील मुलगी मतिमंद होती. त्यांनी सावत्र मुलांचाही काही काळ सांभाळ केला. १९१९ साली त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि लिलेहामर या गावी मुलांना घेऊन राहिल्या. तेथे त्यांनी 'क्रिस्टिन लाव्ह्रान्सडाटर' ही तीन खंडांची कादंबरी लिहिली. १ नोव्हेंबर १९२४ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पतीची पहिली पत्नी हयात असल्यामुळे ख्रिस्तसभेच्या दृष्टीने त्यांचा विवाह ग्राह्य नव्हता. तोही त्यांना सोडावा लागला.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले का? नाही. १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रकमेतील मोठा वाटा त्यांनी मतिमंद मुलांच्या कुटुंबांसाठी दिला. १९३९ साली ती मुलगी वारली. १९४० साली जर्मन सैन्याशी लढताना थोरला मुलगा मारला गेला, आणि त्यांना स्वतःला देश सोडावा लागला.

त्यांच्या कादंबरीतील क्रिस्टिन बापाचे मन मोडून आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करते आणि त्याच्याबरोबर आयुष्यभर झगडते. शेवटी प्लेगच्या साथीत, मरणाच्या दारी असताना, एका दरिद्री मृत स्त्रीच्या आत्म्यासाठी मिस्सा व्हावी म्हणून ती लग्नाची अंगठी देऊन टाकते. अंगठी जाते, पण बोटावर तिचा वण उरतो. तो पाहताना तिला उमगते की या ओढाताणीच्या आयुष्यातही देवाने तिचा हात सोडला नव्हता.

मला वाटते, उत्तर येथे आहे. अर्थ म्हणजे हिशेब जुळणे नव्हे. नाती सगळी जुळली तरच जगणे सार्थकी लागणार असेल, तर फारच थोड्यांचे जगणे सार्थकी लागेल. "आयुष्याने मला काय दिले?" हा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर बहुधा दुसऱ्याच्या हाती असते. "आज माझ्यापुढे कोण आहे, आणि मी त्याचे काय देणे लागते?" हा प्रश्न मात्र आपल्या हाती असतो. सिग्रिडबाईंचा संसार टिकला नाही, पण आजारी लेक समोर होती. त्यांनी तिला उत्तर दिले, आणि तिच्यासारख्या इतर मुलांनाही दिले.

येथे एक गैरसमज नको. देणे लागणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यातही आहे (कलम ११५३). आणि ज्यांच्यापुढे देणे आहे त्यांत ती स्त्री स्वतःही येते. तीही देवाचीच लेक आहे.

आता आपल्या सर्वांसाठी एक विनंती. आपल्या विभागात अशी एखादी भगिनी असेल. नवऱ्याला सोडून आलेली असेल, किंवा नवऱ्याजवळ राहूनही एकटी असेल. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपताच निघून जाते. या रविवारी तिला थांबवा. तिची चौकशी करण्यासाठी नव्हे, तर चहाला घरी बोलावण्यासाठी. सल्ला देऊ नका. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर चहा घ्या.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू