धरायचं काय, सोडायचं काय

गीतेच्या पाचव्या अध्यायात, आठव्या-नवव्या श्लोकांत, तेरा क्रिया ओळीनं येतात. पाहणं, ऐकणं, शिवणं, वास घेणं, खाणं, चालणं, झोपणं, श्वास घेणं, बोलणं, सोडणं, घेणं, डोळे उघडणं, डोळे मिटणं. हे सगळं चालू असताना तत्त्व जाणणारा माणूस ‘मी काहीच करत नाही’ असं मानतो, हा त्याचा आशय. आमच्या भागात सप्ताह आणि प्रवचनं वर्षभर चालतात, त्यामुळे ही यादी मी लहानपणापासून ऐकत आले. दहाव्या क्रियेपाशी, म्हणजे ‘सोडणं’पाशी, प्रवचनकार घाईनं पुढं जातात. वाणी, हात, पाय यांच्या पंगतीला पायू हेही कर्मेंद्रिय आहे आणि त्याचं काम मलविसर्जन, एवढं सरळ सांगायचा संकोच वाटतो. मला मात्र तेरांतली सगळ्यात शिकवणारी क्रिया हीच वाटते. आपण कर्ते नाही हे पाहण्या-बोलण्यावरून पटायला जन्म जाईल. या एका क्रियेवरून ते रोज सकाळी पटू शकतं.

मी मंगळवेढ्यात वैद्यकी करते. पेशंट येतो गुडघ्यासाठी नाहीतर खोकल्यासाठी. औषध घेऊन उठतो, दाराशी थबकतो, मागं वळून हळू आवाजात म्हणतो, ‘आणि बाई, पोट साफ होत न्हाई बघा.’ खरं दुखणं बहुतेक वेळा तेच असतं. त्याला मी पुन्हा बसायला सांगते.

शरीराची रचना इथं विलक्षण आहे. सुश्रुतांनी गुदाच्या तीन वळ्या सांगितल्या: प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी. आजचं शारीरशास्त्र स्नायूंच्या दोन कड्या सांगतं, एक आतली, एक बाहेरची. मलाशयात मळ उतरला की आतली कडी आपोआप सैल होते. तिला आपली परवानगी लागत नाही. बाहेरची मात्र आपल्या हुकमात आहे. तिच्या जोरावर आपल्याला ‘आत्ता नको’ म्हणता येतं. पण ‘आत्ता हो’ म्हणता येत नाही. वेग आलेला नसताना कितीही कुंथलं तरी हाती काही लागत नाही. उलट घाबरलेला माणूस जोर लावताना जे स्नायू सोडायचे तेच आवळून बसतो. याच पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलं आहे. त्या नगराच्या या दारावर माणसाला अडवण्याचा अधिकार आहे, बोलावण्याचा नाही. माणसाच्या स्वातंत्र्याचं इतकं नेमकं माप मला दुसरीकडे कुठं सापडलेलं नाही.

मग प्रश्न उरतो तो या अडवण्याच्या अधिकाराचा. तो कुठं वापरायचा? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच प्रश्नावर आहे, आणि माझ्या मते तो वैद्यकाइतकाच धर्माचा अध्याय आहे. त्यात शरीराचे तेरा वेग सांगितले आहेत, जे कधीही अडवू नयेत. त्यांतले काही म्हणजे मळ, मूत्र, वात, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, श्रमानंतरचा धाप लागलेला श्वास, आणि त्यांच्यातच डोळ्यांतलं पाणीसुद्धा. (गीतेच्या क्रियाही तेराच. हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.) ते सांगून झाल्यावर चरक त्याच दमात दुसरी यादी देतात, अडवायलाच हव्यात अशा वेगांची: लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, मत्सर, निर्लज्जपणा, दुसऱ्याच्या वस्तूची हाव, आणि वाणीनं नि हातानं दुसऱ्याला दुखवण्याची ऊर्मी. दोन्ही याद्या एकाच अध्यायात, एकाखाली एक. संयम हा गुण चरकांनी नाकारलेला नाही. त्यांनी त्याची जागा ठरवून दिली.

आपण नेमकी उलटी वाटणी करून ठेवली आहे. राग आला की बोलून मोकळे होतो, भीती मनात मुरू देतो, आणि शरीराचा वेग मात्र सभेत, वर्गात, पंगतीत, प्रवासात दाबून बसतो. वर त्यालाच सभ्यता म्हणतो.

एका शाळेतल्या शिक्षिका माझ्याकडे यायच्या. वय चाळिशीच्या आत. सकाळी उठून दोन मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, सासऱ्यांचा चहा, आणि पावणेसातची गाडी. चहा घेतला की त्यांना वेग यायचा. त्यात नवल काही नाही. झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही पडल्यावर मोठ्या आतड्याला जोराची लाट येते, ती निसर्गाची ठरलेली वेळ. पण स्वयंपाकघरातून संडासाकडे जायची वाट सासऱ्यांच्या खाटेवरून जाणारी, आणि घड्याळ पुढं पळणारं. बाई ‘नंतर’ म्हणायच्या. शाळेतल्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, तिथं जाणं शक्यच नव्हतं. दुपार व्हायची तोवर वेग विरून गेलेला असायचा. अडवलेला मळ मागं सरकतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो. असं वर्षानुवर्षं चाललं की मलाशय ताणाला सरावतं आणि हाक देणंच कमी करतं. बाहेरच्या कडीचं दार बंद ठेवता ठेवता आतून ठोठावणंच थांबलेलं असतं.

त्या बाईंनी उपाय सगळे केले होते. गव्हाचा कोंडा, पपई, भिजवलेले मनुके, रात्री दोन चमचे इसबगोल. पोट मात्र ढोलकीसारखं फुगायचं. त्यांचं म्हणणं होतं, ‘मी एवढं फायबर खाते, मग माझंच असं का?’

फायबरला मी कमी लेखत नाही. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. काळ्या रानातली मालदांडी खाऊन इथल्या पिढ्या पोसल्या. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, बाजरी-नाचणीत 11 च्या आसपास, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात किंवा मैद्यात 3 ग्रॅमहूनही कमी. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जावेत असा सर्वसाधारण सल्ला असतो. दोन भाकरी, मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि पेरू खाणाऱ्याला तो वेगळा पाळावा लागत नाही. न विरघळणारे तंतू मळाला आकार देतात, इसबगोलासारखे विरघळणारे पाणी धरून ठेवतात, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांतल्या बऱ्याच तंतूंवर जगतात. त्या जिवाणूंनी तयार केलेली आम्लं हे आतड्याच्या अस्तराचं अन्न. म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणून चाळणीत मागं ठेवतो, त्यावर आपल्या आतलं एक अख्खं जग जेवतं. ‘मी जेवतो’ या वाक्यातला ‘मी’ इथंही पातळ होतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात वैश्वानर अग्नी प्राण्यांच्या देहात राहून प्राण-अपानाच्या संगतीनं अन्न पचवतो असं म्हटलं आहे. हे वाचताना मला हल्ली ते जिवाणूही आठवतात.

डेनिस बर्किट हे मूळचे आयर्लंडचे शल्यचिकित्सक, अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती, युगांडात वर्षानुवर्षं काम केलेले. 1972 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. आफ्रिकेतल्या खेडुतांचं अन्न दीड दिवसाच्या आसपास शरीराबाहेर पडत होतं, इंग्रजांना जवळपास दुप्पट वेळ लागत होता, आणि मळाचं वजन खेडुतांचं कितीतरी जास्त. धान्याचा कोंडा काढून टाकणाऱ्या समाजाचं काय हरवलं, हे त्यांनी जगाला पटवून दिलं. एका धर्मनिष्ठ माणसाला मळाचं वजन करावंसं वाटलं, याचं मला मोल वाटतं. देवानं निर्माण केलेल्या देहातलं काहीच तुच्छ नाही अशी श्रद्धा असल्याशिवाय ते काम होत नाही.

पण ताट ही अर्धीच गोष्ट. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं आहे, दहा कोटींहून अधिक पेशींचं, आणि मेंदूशी त्याची अखंड बोलणी चालू असतात. व्हेगस नावाच्या ज्या मोठ्या मज्जातंतूतून ही बोलणी होतात, त्यातले बहुतेक तंतू पोटाकडून डोक्याकडे बातमी नेणारे आहेत. डोक्याचे हुकूम खाली नेणारे थोडे. भीतीच्या क्षणी जठराचं काम मंदावतं आणि मोठं आतडं उसळतं. म्हणून परीक्षेच्या सकाळी पोरांना दोन-तीनदा जावं लागतं. तीच भीती रोजची झाली की एकाला ढाळ लागतात, दुसऱ्याचा कोठा बसतो, तिसऱ्याला आलटूनपालटून दोन्ही. त्या शिक्षिकेच्या पोटात तंतू जात होते आणि बाहेरचं दार भयानं बंद होतं. अशा आतड्यात कोंडा ओतत गेलं की वायूच वाढणार.

मी इसबगोल अर्ध्यावर आणलं, पाणी वाढवलं आणि त्यांच्या यजमानांना बोलावून घेतलं. औषधाची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली: सकाळचे दोन डबे तुम्ही भरायचे, आणि आबांची, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांची, खाट ओसरीवर हलवायची. ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, ‘ह्याला पैसे पडत न्हाईत, पण आबांना सांगणार कोण?’ आबांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. बाईंना सुधारायला चार-पाच महिने लागले. सैल झालेलं मलाशय लगेच ताळ्यावर येत नाही. (रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, किंवा उतारवयात पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर हे काहीही करत न बसता आधी तपासणी करून घ्यावी.)

धर्मानं या बाबतीत माणसाला मदत केली की अडवलं, हा प्रश्न मला खरोखर छळतो. मदत केल्याच्या खुणा आहेत. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात भिक्खूनं जी जी क्रिया सावधपणे करायची, तीत मलमूत्रविसर्जनाचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्यू धर्मात शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणायची प्रार्थना आहे: शरीरात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्याबद्दल, आणि त्यांतलं एखादं बुजलं किंवा फुटलं तर जगणं अशक्य होईल हे जाणून, देवाचे आभार. आपल्या कोकणातले बेने इस्रायली लोकही याच धर्मपरंपरेतले. आमच्या स्मृतींनी मात्र कुठल्या दिशेला तोंड करायचं, माती किती वेळा लावायची याचे नियम दिले, आणि शुद्धीची काळजी करता करता मळ काढणारा माणूसच मलिन ठरवला. अशा मलिन ठरवलेल्यांतले संत चोखोबा याच मंगळवेढ्यातले. 1338 मध्ये इथंच बांधकाम कोसळून त्याखाली ते गेले. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी अभंगात विचारलं की विटाळाखेरीज देह झालाय कुणाचा. सातशे वर्षं होत आली. या प्रश्नाला शास्त्र्यांकडून मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. प्रत्येक देह मळ तयार करतो आणि तो सोडल्यावाचून जगत नाही, हे कबूल केलं तर सोवळ्याची उतरंड उभीच राहू शकत नाही. म्हणून या क्रियेचा संकोच मला निव्वळ लाज वाटत नाही. त्या उतरंडीचा तो पाया आहे.

संयम कुठं करायचा आणि कुठं नाही, हा वाद गेल्या वर्षी गावच्या सप्ताहात समोरासमोर झाला. ज्ञानेश्वरीचं पारायण सकाळी सातला बसतं ते साडेअकरापर्यंत. बायका पहाटेपासून पाणी पीत नाहीत, कारण मध्ये उठता येत नाही. सात दिवस हे, आणि त्यात एकादशी आली की साबुदाणा, ज्यात तंतू जवळजवळ नाहीतच. सप्ताह संपला की आठवडाभर माझ्याकडे त्याच बायकांची रांग. मी व्यासपीठ चालवणाऱ्या महाराजांना भेटले आणि अध्याय संपला की पंधरा मिनिटं सुटी द्या म्हणाले. महाराज व्यासंगी, मनानं निर्मळ. ते म्हणाले, ‘वैद्यबाई, आसन मोडलं की चित्त मोडतं. तेवढाही संयम नको का?’

त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. बैठक ही साधना आहे, मीही मानते. पण मी त्यांना चरकांचा सातवा अध्याय वाचून दाखवला, दोन्ही याद्या. म्हटलं, ‘महाराज, पोथीवर चित्त लागलेली बाई मुतारीला जाऊन आली तर तिचं चित्त मोडत नाही. दाबून बसलेल्या बाईचं चित्त ओवीवर नसतंच, ते कधी संपतंय याच्यावर असतं.’ ते विचारात पडले. मग म्हणाले, ‘मग संयम शिकवायचा कुठं?’ मी म्हटलं, पत्रिकेत देणगीदारांची नावं छापतो तिथं. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून दरवर्षी दोन घरांचं बोलणं बंद होतं. मान, क्रोध, मत्सर, तिन्ही वेग तिथं मोकाट सुटतात आणि ते धरायला कुणी सांगत नाही.

महाराजांनी दुसऱ्या दिवशीपासून सुटी दिली. पत्रिकेचं मात्र मंडळानं ऐकलं नाही, नावं होती तशीच राहिली. यंदा पाण्याचा माठ बायकांच्या बाजूलाही ठेवायचं ठरलं आहे, आणि देवळामागच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवून घेण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.