खरे व बरे

वाचकहो, ज्यास सत्य आवडत नाही असा मनुष्य जगात विरळा. ज्याने आज पहाटे दुधात पाणी घातले, त्यासही आपल्या मुलाने खरे बोलावे असे वाटते. आणि ज्याने सावकारास बुडविले, त्याचे चार रुपये कोणी बुडविले तर तो सगळा गाव जमवून न्याय मागतो. सत्य सर्वांस प्रियच आहे. मात्र त्याने नेहमी शेजाऱ्याच्या घरी नांदावे व आपल्याकडे सणावारी पाहुणे म्हणून यावे, इतकीच आपली इच्छा असते. ह्या खोडीविषयी आज चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

लबाडी म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. पुढे हिप्पोचा बिशप म्हणून प्रसिद्धीस आलेला ऑगस्टीन ह्याने इ. स. ३९५ च्या सुमारास ह्याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, लबाडी जिभेवर नसते, ती मनात असते. मनात एक असून दुसरेच भासविण्याचा जो हेतू, तीच लबाडी. हे मत स्वीकारले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. आपल्या देशात १८८१ सालापासून २०११ सालापर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. त्या गणतीच्या कोष्टकांत तीस व चाळीस वर्षांच्या माणसांची मोठी गर्दी, आणि एकोणतीस व एकेचाळीस वर्षांचे लोक मात्र थोडके, असा चमत्कार दिसतो. म्हणून सगळा देश लबाड ठरत नाही. ज्या म्हातारीस आपला जन्म मोठ्या पुराच्या साली झाला की पटकीच्या साली, एवढेच ठाऊक आहे, ती "असेन साठीची" म्हणते, व लिहिणारा साठ लिहितो. आकडा खोटा, पण म्हातारी खरी.

उलट, शब्द खरा आणि मनुष्य खोटा, असेही घडते, व हे जरा अधिक वेळा घडते. बाजारात बैल विकणारा शपथेवर सांगतो की, ह्या बैलाने आमच्या घरात कोणास शिंग लावले नाही. ते अक्षरशः खरे असते. बैल परवाच घरी आलेला असतो.

बैलबाजाराचा विषय निघालाच आहे, तर तेथे घटकाभर थांबू. कारण मनुष्यस्वभाव शिकण्यास त्याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाही. बैलाचे वय पाहावयाचे असल्यास त्याच्या धन्यास कोणी विचारीत नाही. जबडा उघडून खालचे दात पाहतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. सुमारे दोन वर्षांनी दुधाच्या दातांची पहिली जोडी पडून मोठे दात येतात, मग एकेक जोडी वाढत जाते, आणि आठही पुरे झाले म्हणजे बैल जुळला असे म्हणतात. बैलाच्या तोंडातून त्याचे खरे वय कळते, ह्याचे कारण इतकेच की त्या तोंडास बोलता येत नाही. पुढे किमतीची गोष्ट निघाली की दलाल हातावर उपरणे टाकतो, व त्याखाली बोटे दाबून भाव ठरतो. वर जिभा मुलाबाळांच्या शपथा वाहत असतात, "इतक्यात दिला तर घरी चूल पेटणार नाही" असे आक्रंदन चाललेले असते. आणि खाली बोटे शांतपणे खरा आकडा सांगत असतात. एकाच मनुष्याचे दोन अवयव एकाच क्षणी दोन भाषा बोलतात, आणि त्यांत ज्यास शपथ लागत नाही त्याच्यावर सौदा होतो.

अर्धे खरे बोलण्याचा मोह थोरांसही सुटला नाही. अब्राहामाने गरार नगरात आपल्या पत्नीस बहीण म्हटले. ती त्याच्या बापाची कन्या होती, मात्र आईची नव्हती, म्हणजे म्हणणे निम्मे खरे होते. त्या परक्या राजानेच त्याची कानउघाडणी केली. इकडे द्रोणपर्वातील धर्मराजाची कथा आपल्या खेड्यांतील मुलांसही ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला हे शब्द त्याने मोठ्याने उच्चारले, आणि मेला तो हत्ती, हे तोंडातल्या तोंडात. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या दिवसापासून इतरांच्या रथांप्रमाणे मातीवरून चालू लागला, असे व्यास सांगतात. अर्धसत्य बोलणाऱ्यास लबाडीचा नफा हवा असतो, आणि सत्याचे पुण्यही सोडवत नाही. आम्हांस ह्या दोन्ही कथांविषयी विशेष आदर वाटतो तो अशासाठी की, त्या शत्रूंनी रचिलेल्या नाहीत. आपल्याच थोर पुरुषाचा कमीपणा त्या त्या लोकांनी लपविला नाही.

येथे कोणी चतुर वाचक विचारील, "जीव वाचविण्यासाठी तरी खोटे बोलावे की नाही?" हा प्रश्न जुना आहे. कांट नामक जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९७ साली असे प्रतिपादिले की, खुनी मनुष्य दारी येऊन आपल्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी त्याच्याशीही खोटे बोलण्याचा आपणांस हक्क नाही. कर्णपर्वातील कौशिकाची कथा ह्याच्या अगदी उलट आहे. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने, भिऊन रानात लपलेल्या लोकांची वाट चोरांस दाखविली. ते लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. आमचा कल विचाराल तर तो कौशिकाला दोषी धरणाऱ्यांकडे आहे. त्यास त्या माणसांच्या प्राणांपेक्षा आपल्या व्रताची चिंता अधिक होती, आणि व्रत सांभाळण्याच्या नादात त्याने शेजारी गमाविले.

परंतु ह्या वादातून आपण जो नफा काढतो तो पाहण्यासारखा आहे. खुनी मनुष्य बहुधा आपल्या दारी जन्मात एकदाही येत नाही. वसुलीचा कारकून मात्र वर्षातून दोनदा येतो. आपण त्यासच खुनी ठरवितो, आणि "बाबा घरात नाहीत" असे सांगावयास धाकट्या मुलास पुढे करतो. ह्या देशातील १९६९ सालच्या शपथविषयक कायद्यात एक मौजेचे कलम आहे. बारा वर्षांखालील मुलास खरे बोलण्याचे कर्तव्य समजते पण शपथ म्हणजे काय हे कळत नाही, असे न्यायाधीशास वाटल्यास, त्या मुलास शपथ न देता त्याची साक्ष घेता येते. मोठ्या मनुष्याकडून मात्र कायदा तिहेरी वचन घेतो: खरे सांगेन, सगळे खरे सांगेन, खऱ्यावाचून दुसरे काही सांगणार नाही. एकेक वचन म्हणजे पळून जाण्याची एकेक वाट बुजविणे होय. कायदा करणारांस माणसे ठाऊक होती, ह्यात संशय नाही. दारात उभे राहून तो धडा शिकलेल्या मुलास बारावे वर्ष लागेपर्यंत थांबावे लागत नसावे, असे आम्हांस भय वाटते.

आता फटकळ लोकांविषयी. "मी खरे बोलतो म्हणून कोणास आवडत नाही," असे म्हणणारा एक तरी मनुष्य प्रत्येक गावात असतो. तो जे बोलतो ते खोटे नसते, हे आम्ही कबूल करितो. पण नीट पाहाल तर त्याची सारी सत्ये दुसऱ्यांविषयीच असतात, आणि त्यांपैकी एकही सुखाचे नसते. विधवेच्या मुलास परीक्षेत यश आले, हे देखील सत्यच आहे. ते सांगत तो कधी दारोदार फिरला नाही.

ह्या सर्वांहून कठीण प्रसंग आजाऱ्याच्या खाटेपाशी येतो. पुष्कळ घरी आम्ही पाहिले आहे की, डॉक्टरने आशा सोडलेली असते, आणि घरची माणसे उंबऱ्याबाहेर डोळे पुसून आत हसत येतात. "आता तुम्हांला पुष्कळ उतार आहे." रोगीही "होय, आज बरे वाटते" म्हणतो. दोघांच्याही मनात प्रीतीच असते, म्हणून त्यांस दोष देणे आमच्या जिवावर येते. परंतु रोगी फसतो असे मात्र कोणी समजू नये. दहा वर्षे माहेरी न आलेली बहीण बोचके घेऊन दारात उभी राहिली, म्हणजे त्यास डॉक्टरापेक्षा अधिक स्पष्ट उत्तर मिळते. मग तो आपल्या माणसांस वाईट वाटू नये म्हणून फसल्याचे सोंग करितो, आणि ज्या वेळी सर्वांत अधिक बोलावयाचे असते त्या वेळी घरात पावसापाण्याच्या गोष्टी चालतात.

अशाच एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस जवळ बोलावून सरळ विचारिले. आम्ही त्याचा हात हातात घेतला, व जे डॉक्टरने सांगितले होते ते हळू शब्दांत सांगितले. तो काही वेळ आढ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ठाऊक होते मला. कोणी सांगतो की नाही, तेवढेच पाहत होतो." त्याने मुलास हाक मारिली. पूर्वी एका वर्षी पेरणीस बी नव्हते, तेव्हा वेशीपलीकडच्या एका घरून दोन पायल्या ज्वारी आणिली होती, ती परत करावयाची राहिली, असे त्याने त्यास सांगितले. त्यास कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, आणि देणारा स्वतः ते कधीच विसरून गेला होता. दिवेलागणीच्या आत मुलगा डोक्यावर पोते घेऊन वेशीबाहेर गेला, आणि तो परत येईपर्यंत म्हाताऱ्याने डोळे मिटले नाहीत.