परिघाबाहेरची माणसे

३० सप्टेंबर १९४३ रोजी टोकियोतील दरबारी परिषदेने जपानच्या ‘निरपेक्ष राष्ट्रीय संरक्षणक्षेत्रा’ची सीमा निश्चित केली. कुरील बेटे, मारियाना, मध्य व पश्चिम कॅरोलाइन्स, पश्चिम न्यू गिनी, सुंदा बेटे आणि ब्रह्मदेश असा तो परिघ होता. राबौल व मार्शल बेटे त्याबाहेर राहिली. तेथील सैन्याने परतावयाचे नव्हते. आतील तटबंदीसाठी अवधी मिळवून द्यावयाचा होता.

‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’ (२००९) या संगणकीय युद्धखेळात जपानची बाजू घेणाऱ्यापुढे हाच निर्णय येतो. खेळाला संहिता मानण्यास आता कोणाची हरकत नसावी. प्रश्न तिच्यातील निवेदकाच्या स्थानाचा आहे. हे स्थान सेनामुख्यालयाचे आहे. तेथून बेट म्हणजे एक षट्कोन आणि शिबंदी म्हणजे एक संख्या दिसते. यावर ‘वास्तवाचा अभाव’ असा आक्षेप घेणे फोल होय, कारण मुख्यालयाचे वास्तव असेच होते. बुद्धिबळाचा दाखलाही येथे उपयोगी पडत नाही. प्याद्याला पोट नसते. हा खेळ मात्र पुरवठा टनांत मोजतो. सैनिक जेवतो हे त्याने मान्यच केले आहे.

खरा नैतिक पेच कालज्ञानाचा आहे. १९४३ मधील सेनाधिकारी परिघ टिकेल अशी आशा धरू शकत होते. ती आत्मवंचना असेल, पण उपलब्ध होती. खेळाडूला ती नाही. जुलै १९४४ मध्ये सायपान पडले आणि तोजो मंत्रिमंडळ गेले, हे त्याला ठाऊक असते. इतिहासाहून उशिरा हरणे यालाच तो यश समजतो. त्यामुळे शिबंदी ठेवताना तो ती बचावासाठी ठेवीत नाही, दिवसांच्या मोबदल्यात खर्ची घालतो. शोकांतिकेच्या प्रेक्षकालाही शेवट माहीत असतो, पण पात्राला तिकडे धाडणारा तो नसतो. येथे धाडणारा आणि जाणणारा एकच आहे. पडद्यावर कोणी मरत नाही हे खरेच. तरीही माणसाचे अवधीत रूपांतर करणारी विचारपद्धती खेळाडू बाहेरून पाहत नाही, ती तो स्वतः चालवितो, आणि ती उत्तम चालली की त्याला आनंद होतो. हा आनंद निषिद्ध ठरवावा असे मला वाटत नाही. त्याला निरागस मात्र म्हणता येणार नाही.

शिवाय परिघाची रेषा स्वतःच फसवी होती. वोलेआई हे बेट तिच्या आत होते. अमेरिकेने त्याला वळसा घातला आणि तेथील सुमारे साडेसहा हजार सैनिकांपैकी बहुसंख्य भुकेने व रोगाने मेले. असा वगळलेला तळ खेळात अखेरपर्यंत जपानच्याच रंगात राहू शकतो.

राबौलमध्येही ऑगस्ट १९४५ पर्यंत प्रचंड जपानी सैन्य अडकून होते. त्याच बेटावर सिंगापूरच्या पाडावानंतर पकडून नेलेले भारतीय युद्धकैदी राबत होते. टोकियोने आखलेल्या रेषेच्या ते बाहेर होते, पण ज्यांचा अवधी विकत घेतला जात होता त्या पक्षाचे ते नव्हतेच.