उतारशाळेचा हिशेब

वाटसरूने उतारशाळेचे पैसे चुकते केले म्हणजे त्याचे सर्व देणे फिटले काय? हा प्रश्न आम्हांस कोणत्या ग्रंथात नव्हे, तर गेल्या वैशाखात अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास, कळसूबाईच्या रांगेतील एका लहानशा गावी पडला.

एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. बरोबर आमच्या मंडळीतील एक तरुण शिक्षक होता. परतीची शेवटची एस. टी. चुकली व रात्र तेथेच काढणे भाग पडले. गावात लॉज नाही. परंतु १,६४६ मीटर उंचीचे ते शिखर चढावयास व मृगाच्या सुमारास झाडांवर लुकलुकणारे काजवे पाहावयास शहरची मंडळी येऊ लागली, तेव्हापासून तेथील महादेव कोळी समाजाच्या कित्येक घरांनी उतारू ठेवण्याचा व्यवसाय धरला आहे. अशाच एका घरी आम्हांस पडवीत जागा मिळाली. मुक्काम व जेवण मिळून माणशी ६०० रुपये. घरच्या आजीने पाण्याचा तांब्या आमच्या हाती दिला, नागलीची भाकर, हुलग्याचे पिठले व ठेचा वाढला, आणि पहाटे गार वारा सुटतो म्हणून घोंगड्या आणून टाकल्या. आम्ही कोणत्या जातीचे, हे कोणी विचारले नाही.

ह्या न विचारण्याचे मोल आमच्या सोबत्यास उमगले नाही. तो म्हणाला, "पाळकसाहेब, पूर्वी लोक पाहुण्यास फुकट जेवू घालीत. आता आतिथ्याचा बाजार झाला." वाचकहो, ही तक्रार आपण पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. परंतु ते फुकट आतिथ्य कोणास मिळत होते? आमचे पणजोबा पुस्तकांची झोळी घेऊन खेडोपाडी हिंडत. त्यांचा मुक्काम गावाबाहेर झाडाखाली असे, आणि तहान लागली तर कोणी वरून धार धरील तेव्हा ओंजळीने पाणी. देवळाच्या ओवरीत व धर्मशाळेत वाटसरूस दाम पडत नसे हे खरे, पण आत कोणी यावे हे आधीच ठरलेले असे. महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यास १९२७ साली हजारो माणसांना मिळून चालत जावे लागले, हे आपण विसरलो काय? तेव्हा जो ठरीव दाम सर्वांकडून सारखा घेतो, त्याच्या व्यवहारात एक प्रकारचा न्याय आहे. पैशाने जात मोडली असे मात्र आम्ही म्हणत नाही. भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना शहरातही आडनाव विचारले जातेच.

इतके सोबत्यास ऐकवून आम्ही मोठ्या समाधानाने स्नानास गेलो. न्हाणीत दोन बादल्या भरून ठेविल्या होत्या. अंगावर दिवसभराची धूळ होती व पैसे दिलेले होते. दोन्ही बादल्या संपविल्या.

पहाटे चारच्या सुमारास हंड्यांच्या आवाजाने जाग आली. घरची सून व शेजारच्या बाया बॅटरी घेऊन निघाल्या होत्या. घरधनी बाहेर उभा होता. त्याने सांगितले की, होळीनंतर गावची विहीर आटते. मग खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरून, झिरपेल तसे वाटीने पाणी भरावयाचे. जी आधी पोहोचेल तिचा हंडा आधी भरतो. ह्या डोंगरांवर पाऊस थोडाथोडका पडत नाही, परंतु काळा खडक तो धरून ठेवीत नाही. बरेचसे पाणी वाहून भंडारदऱ्यास, १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणात जमते, आणि पाटाने खाली राहुरी-श्रीरामपूरकडच्या उसास जाते. आपल्या वाचकांपैकी कित्येक त्या पाटावरच राहतात.

आम्ही पुन्हा आडवे झालो, पण झोप आली नाही. दोन बादल्यांचे किती हंडे, आणि तितक्या हंड्यांच्या किती पहाटा, हाच हिशेब डोक्यात चालला. करार पाहिला तर आमच्याकडे काही निघत नव्हते. मुक्कामात स्नान आलेच. आणि तरी मन म्हणे, तू ज्याचे पैसे दिलेस ते हे नव्हे.

तेव्हा शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेचा रखवालदार आठवला. त्याच्यावर प्रवचन झालेले आम्ही ऐकलेले नाही, आणि आम्हीही केलेले नाही. त्यास दोन दीनार मिळाले, म्हणजे द्राक्षमळ्यातील मजुराचा दोन दिवसांचा रोज. तो भाडोत्री म्हणून आपण त्यास सोडून देतो. परंतु जखमी मनुष्याजवळ पुढे बसणारा तोच, आणि वाढीव खर्च मागाहून देईन ह्या परक्याच्या शब्दावर विसंबणाराही तोच. त्याने दाम घेतला म्हणून त्याची दया खोटी ठरत नाही, हे आम्हांस कबूल आहे. अवघड आहे ती दुसरी बाजू. दाम दिला म्हणून घेणाऱ्याने डोळे मिटावे काय?

सकाळी हिशेब करताना आम्ही शंभर रुपये वर ठेवले व म्हणालो, "आजी, हे पाण्याचे."

आजीने नोट परत सरकविली. "भाकरीचं घेतलं ना, बाबा. पाण्याचं पैसं कुणी घेतं का?"

पणजोबांस ज्या पाण्याची धार लांबून मिळे, ते ह्या बाईने आम्हांस हाती दिले होते, आणि ते विकावयास ती तयार नव्हती. आता हे देणे कोणत्या नाण्यात फेडावे? सोबत्याने तसे विचारलेही. आम्हांस उत्तर सुचले नाही. एस. टी. नऊची होती. आम्ही दोघांनी दोन हंडे मागून घेतले व सुनेच्या मागोमाग दरीत उतरलो. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही वाटी इतकी खोल बुडविली की पाणी गढूळ झाले, तेव्हा एकीने ती आमच्या हातून काढूनच घेतली. पाऊण तासात दोन हंडे भरले आणि चढणीवर त्यांतले बरेच सांडले.

जे उरले ते आजीने गाळून रांजणात ओतले, आणि गाडीस अवकाश आहे, चहा टाकते, म्हणाली. आम्ही म्हणालो, "दोघांत एकच कप टाका."