हद्दीपलीकडे नेलेला माणूस

१७ ऑक्टोबर १८६५ रोजी जमैकाच्या किंग्स्टन शहरात पंचेचाळिशीचा एक गृहस्थ स्वतःहून सेनापतीच्या घरी हजर झाला. त्याची प्रकृती बरी नव्हती. आपल्या नावाने वॉरंट निघाल्याचे कानावर आले होते आणि लपून राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो विधिमंडळाचा सभासद होता, जमीनजुमला राखून होता, एके काळी न्यायदंडाधिकारीही होता. सहा दिवसांनी त्याला फाशी झाली.

जॉर्ज विल्यम गॉर्डन हे त्याचे नाव. बाप जोसेफ गॉर्डन स्कॉटिश मळेवाला आणि विधिमंडळाचा सभासद. आई त्याच घरची गुलाम. बापाच्या ऊसमळ्यांच्या जगात अशी मुले पुष्कळ होती. त्यांना रक्ताचे नाते होते, वारसा नव्हता. हा मुलगा स्वतःच लिहा-वाचायला शिकला, हिशेब शिकला, आणि १८३६च्या सुमारास किंग्स्टनमध्ये शेतमालाचा व्यापार करू लागला. हाती पैसा आला तसे त्याने बहिणींना शिकायला युरोपात पाठवले. पुढे बाप कर्जात बुडाला, तेव्हा त्याला सावरायलाही हाच मुलगा धावला. गॉर्डन समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही. मालकांच्या जगाने त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले होते. त्या जगाचे नियम मात्र तो मनापासून पाळत होता.

गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि सक्तीच्या उमेदवारीची चार वर्षे सरल्यावर, १८३८मध्ये, माणसे खऱ्या अर्थाने मोकळी झाली. ब्रिटिश सरकारने साम्राज्यातल्या गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. राबणाऱ्यांना काहीच मिळाले नाही. जमीन मळेवाल्यांकडेच राहिली, मजुरी तुटपुंजी, कर जड. १८६१च्या शिरगणतीत बेटाची लोकसंख्या ४ लाख ४० हजारांच्या घरात होती, आणि मतदार जेमतेम दोन हजार. विधिमंडळ कोणासाठी चालत होते, हे या दोन आकड्यांवरूनच दिसते.

त्या विधिमंडळात गॉर्डन बसला, १८६३ साली सेंट थॉमस-इन-द-ईस्टमधून निवडून येऊन. त्याने आपल्या जमिनीचे लहान तुकडे पाडून गरीब शेतकऱ्यांना होईल तितक्या स्वस्तात विकले आणि त्यांच्या मालाला रास्त भाव मिळावा म्हणून विक्रीची व्यवस्थाही लावली. त्या काळच्या जमैकात जमीन देणे म्हणजे माणूस मळ्यावरच्या मजुरीतून सोडवणे. स्वतःच्या चार बिघ्यांवर रताळी-केळी पिकवणारा माणूस सांगितलेल्या मजुरीवर ऊस तोडायला येत नाही. मळेवाल्यांचा गॉर्डनवर राग होता तो मुळात इथे, असे वाटते.

गव्हर्नर एडवर्ड आयर याच्याशी त्याचे १८६२मध्येच बिनसले होते. मोरंट बे गावच्या कोठडीत एका आजारी निराधार माणसाचे हाल झाले, त्याबद्दल गॉर्डनने तक्रार केली. आयरने उलट त्याचेच न्यायदंडाधिकारीपद काढून घेतले. गॉर्डनची जीभ तिखट होती आणि सभागृहात तो गव्हर्नरवर तुटून पडे. पण त्याची हत्यारे सनदशीर होती: भाषणे, अर्ज, सभा, फिर्यादी.

त्याचा सोबती पॉल बोगल हा स्टोनी गट गावचा शेतकरी, बाप्टिस्ट पंथाचा डीकन. १८६५च्या ११ ऑक्टोबरला बोगल शेकडो लोकांना घेऊन मोरंट बेच्या कोर्टावर गेला. स्वयंसेवक शिपायांनी गोळ्या झाडल्या, माणसे पडली, मग जमावाने कोर्ट पेटवले आणि अधिकारी व शिपाई मिळून अठरा जणांना ठार केले. ही हत्याच होती. तिला दुसरे नाव देऊ नये. त्या दिवशी गॉर्डन मात्र किंग्स्टनमध्ये होता.

आयरने सरे परगण्यात लष्करी कायदा पुकारला तो किंग्स्टन वगळून. किंग्स्टनमध्ये दिवाणी न्यायालये चालू होती, वकील होते, ज्युरी होती. तिथे गॉर्डनविरुद्ध राजद्रोहाचा खटला उभा राहिला नसता. म्हणून त्याला वुल्व्हरिन या युद्धनौकेवर चढवून मोरंट बेला नेले, जिथे कायदा थांबला होता. खालच्या दर्जाच्या तीन तरुण अधिकाऱ्यांसमोर शनिवारी, २१ तारखेला, त्याची सुनावणी झाली. सोमवारी सकाळी त्याला फाशीची वेळ सांगितली. बायकोला पत्र लिहिण्यापुरता अवधी मिळाला. दुसऱ्या दिवशी बोगलला फाशी झाली. लष्करी कायद्याच्या त्या आठवड्यांत एकूण ४३९ माणसे मारली गेली, सुमारे ६०० जणांना फटके बसले, हजार घरे जाळली गेली.

लंडनमध्ये वाद पेटला. जॉन स्टुअर्ट मिल, डार्विन, हक्स्ले यांनी आयरवर खटला भरण्याची मागणी केली. कार्लाइल, डिकन्स, टेनिसन त्याच्या पाठीशी उभे राहिले. कानपूरची आठवण काढून, १८५७ पुन्हा घडू नये म्हणून कठोरपणा हवा, असे सांगितले जात होते. त्या कठोरपणाची झळ उत्तर हिंदुस्थानातल्या गावांनी आधीच सोसली होती. सरकारी चौकशी आयोगाने गॉर्डनविरुद्धचा पुरावा आरोप सिद्ध करायला पूर्णपणे अपुरा ठरवला. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी १८६७मध्ये ज्युरीपुढे त्या लष्करी खटल्याचे वाभाडे काढले. तरी ज्युरीने अधिकाऱ्यांवर आरोप ठेवायला नकार दिला. आयरची नोकरी गेली, शिक्षा कधीच झाली नाही.

जमैकाच्या विधिमंडळाने १८६५च्याच हिवाळ्यात स्वतःलाच विसर्जित केले होते. मूठभर मळेवाल्यांनी, उद्या काळ्या शेतकऱ्यांचे बहुमत होईल या भीतीने, आपले अधिकार थेट इंग्लंडच्या राणीच्या हाती दिले. प्रौढ मताधिकार यायला १९४४ साल उजाडावे लागले.

१९६९मध्ये गॉर्डन आणि बोगल हे दोघेही जमैकाचे राष्ट्रीय वीर ठरले. किंग्स्टनमधल्या संसदभवनाचे नाव गॉर्डन हाउस आहे. त्याच संसदेने २०१८ साली कायदा करून, फाशीनंतर १५३ वर्षांनी, त्या दोघांना राजद्रोहाच्या दोषातून मुक्त केले.