मुलांच्या ओठी कोणती चाल?

शाळेच्या पवित्र मिस्सेत मुलांनी बासरीवर काय वाजवावे? शेलूबाजारसारख्या गावच्या बाजारातही शोभेल अशी ही शिट्टीची बासरी साधीच. प्रश्न मात्र साधा नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीच्या संविधानात ऑर्गनला मान दिला आणि इतर वाद्यांनाही दार उघडले. ती पवित्र कार्याला साजेशी, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभणारी व भाविकांच्या उन्नतीस पोषक असावीत, अशी अट. तेव्हा बासरीला मज्जाव नाही. पारख चालीची करायची आहे.

चित्रपटगीताची चाल मुलांना लवकर येते, पण तिच्यामागून तिचे शब्दही मनात शिरतात. अवघड चाल पालकांना सुखावते, पण मग कच्च्या मुलाला ‘तू नुसता उभा राहा’ असे सांगावे लागते. बालकांना अडवू नका, असे बजावणाऱ्या प्रभूच्या वेदीपुढे हे शोभेल काय?

म्हणून बेसूर चालेल, असे नव्हे. या बासरीचे वरचे सप्तक जोराची फुंकर मागते व कर्कश होते. खालचे हलक्या श्वासावर बोलते. तेव्हा खालच्या सप्तकातली, पाच-सहा स्वरांची, संथ चाल निवडावी. अर्पणाच्या वेळी ती वाजवावी आणि ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर शांतता राहू द्यावी. चाल लहान झाली तरी चालेल. तिच्यासाठी एकही मूल बाजूला राहू नये.